करसवलत आपोआप मिळते की मागावी लागते? ब्रिटनमधली नोकरी, पेन्शन आणि पे-स्लिपमधला एक फरक

मागच्या लेखात ब्रिटनमधल्या पीएचडी स्टायपेंडबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी पुढचा प्रश्न विचारला: पीएचडी संपली, पोस्टडॉक म्हणून किंवा कंपनीत लागलो, तर पगारातून पेन्शनचे पैसे कापले जातात, ते पैसे गेले असं समजायचं का?

नाही, ते जात नाहीत. ते तुमच्या नावावरच असतात. पण त्या पैशांवर मिळणारी करसवलत हा वेगळा विषय आहे, आणि त्यातला एक हिस्सा मात्र खरंच हातातून निसटू शकतो. कोणी हिसकावून घेत नाही. तो फक्त मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायचा असतो हेच बहुतेकांना माहीत नसतं. माझा विषय पदार्थविज्ञान, टॅक्स नव्हे. पण याच्या मागे माणसाच्या वागण्यावरचं चांगलं संशोधन आहे, शिवाय रक्कमही दुर्लक्ष करण्याएवढी लहान नाही. म्हणून आज दोन्ही एकत्र बघू.

आधी गणित.

समजा क्ष आणि य असे दोघे संशोधक आहेत. दोघांचा पगार वर्षाला ६०,००० पौंड. क्ष विद्यापीठात, य एका खासगी कंपनीत. दोघंही इंग्लंडमध्ये राहतात. दोघांच्याही पेन्शन खात्यात त्यांच्या वाट्याचे वर्षाला ३,००० पौंड जमा होतात. (विद्यापीठांच्या यूएसएस या योजनेत सदस्याचा वाटा प्रत्यक्षात पगाराच्या ६.१ टक्के आहे, पण तुलना सोपी राहावी म्हणून दोघांसाठी एकच रक्कम धरली आहे.) आता वर्षाअखेरी दोघांच्या हातात सारखेच पैसे उरायला हवेत ना?

उरत नाहीत. य कडे ६०० पौंड कमी असतात.

हे कसं होतं ते समजायला आधी तिथले टप्पे बघू. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या करवर्षात पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. तिथून ५०,२७० पर्यंत २० टक्के. त्याच्या वर ४० टक्के, आणि १,२५,१४० च्या वर ४५. हा जो ४० टक्क्यांचा टप्पा आहे त्यालाच 'हायर रेट' म्हणतात. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपतं. आपल्या ३१ मार्चची सवय असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा.

तत्त्व असं की पेन्शनमध्ये टाकलेल्या पैशांवर आत्ता कर नाही, म्हातारपणी काढताना लागेल. म्हणजे जे पैसे ४० टक्क्यांच्या टप्प्यातून पेन्शनमध्ये गेले, त्यांच्यावरची सवलतही ४० टक्केच असायला हवी. तत्त्व दोघांनाही तेच लागू आहे, फरक फक्त सवलत द्यायच्या पद्धतीत आहे.

क्ष च्या विद्यापीठात जी पद्धत आहे तिला 'नेट पे' म्हणतात. नाव फसवं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की पेन्शनचे पैसे कर मोजायच्या आधी पगारातून बाजूला काढतात. ६०,००० मधून ३,००० गेले, कर लागला ५७,००० वर. २० टक्क्यांच्या टप्प्याचा कर ७,५४०, त्यावरच्या ६,७३० पौंडांवर ४० टक्क्यांनी २,६९२, एकूण १०,२३२. हातात उरले ४६,७६८. (नॅशनल इन्शुरन्स दोघांनाही पूर्ण पगारावर सारखाच लागतो, म्हणून तो हिशेबात घेतलेला नाही.) क्ष ला पूर्ण ४० टक्के सवलत मिळाली, आणि त्यासाठी त्याने काहीही केलं नाही.

य च्या कंपनीत 'रिलीफ अ‍ॅट सोर्स' ही पद्धत आहे. इथे आधी पूर्ण ६०,००० वर कर लागतो: ७,५४० अधिक ३,८९२, म्हणजे ११,४३२. मग उरलेल्या पगारातून २,४०० पौंड पेन्शनला जातात. पेन्शन कंपनी सरकारकडून, म्हणजे एचएमआरसी या करखात्याकडून, ६०० पौंड मागून घेते आणि य च्या खात्यात टाकते. खात्यात ३,००० झाले, बरोबर. पण य च्या हातात उरले ४६,१६८.

ते ६०० कुठे गेले? पेन्शन कंपनीला य चा पगार किती, तो कोणत्या टप्प्यात येतो, हे माहीत नसतं. म्हणून ती सगळ्यांसाठी सरसकट २० टक्केच मागते. वरचे २० टक्के, म्हणजे ३,००० वर ६०० पौंड, ही य आणि करखातं यांच्यातली गोष्ट. य ने मागितले तर मिळतील. नाही मागितले तर करखातं आपणहून दार वाजवायला येत नाही.

चार वर्षं असंच चाललं तर २,४०० पौंड होतात. रुपयांत अडीच लाखांच्या वर. पीएचडीनंतरच्या पहिल्या नोकरीत, घरभाडं आणि व्हिसाचे खर्च सोसताना, ही रक्कम काय असते हे तिथे राहिलेल्या कोणालाही विचारा.

आता यातला खरा सापळा. य ला दर महिन्याला पेन्शनचं स्टेटमेंट येतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं: तुमचं योगदान २०० पौंड, करसवलत ५० पौंड. हे वाचून कोणाही समंजस माणसाला काय वाटेल? की सवलत मिळाली, विषय संपला. काहीच दिसलं नसतं तर निदान शंका तरी आली असती. अर्धी सवलत डोळ्यांसमोर दिसते म्हणून उरलेल्या अर्ध्याची आठवण होत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका सीनियरला हे कंपनीत लागल्यानंतर तिसऱ्या वर्षी कळलं, तेही जेवताना सहज निघालेल्या गप्पांत. पीएचडी झालेली, एरर बार शिवाय आलेख न पाहणारी व्यक्ती. तेव्हा हा हुशारीचा प्रश्न नाही.

मग कशाचा आहे? इथे संशोधनाकडे वळू.

२००१ साली ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी एका अमेरिकी कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीने निवृत्ती योजनेचा नियम उलटा केला होता. आधी कर्मचाऱ्याने फॉर्म भरला तरच तो योजनेत यायचा. नंतर तो आपोआप यायला लागला, नको असेल तर त्याने बाहेर पडायचं. योजना तीच, पैसे तेच, स्वातंत्र्यही तेवढंच. नियम बदलण्याच्या थोडं आधी लागलेल्यांत सहभाग ४९ टक्के होता, नंतर लागलेल्यांत ८६ टक्के. आणि यातली मला जास्त आवडणारी गोष्ट: आपोआप आलेल्यांपैकी बरेच जण कंपनीने ठरवून दिलेल्या ३ टक्के योगदानावरच बसून राहिले, अगदी स्वतःच्या तोट्याचं असतानाही. म्हणजे 'काहीच न करणं' या पर्यायाच्या जागी तुम्ही जे ठेवाल, तिथे माणसं जाऊन बसतात.

ब्रिटनने हा धडा मनावर घेतला. २००८ च्या पेन्शन कायद्यानुसार ऑक्टोबर २०१२ पासून टप्प्याटप्प्याने 'ऑटो-एनरोलमेंट' आलं. वय २२ ते सरकारी पेन्शनच्या वयापर्यंत, आणि वर्षाला १०,००० पौंडांच्या वर पगार असेल, तर मालकाने तुम्हाला योजनेत घातलंच पाहिजे. किमान योगदान पगाराच्या ठरावीक पट्ट्यावर ८ टक्के: ३ मालकाचे, ४ तुमच्या हातातल्या पगारातून, १ करसवलतीचा. हे चार-एकचं प्रमाण ओळखीचं वाटतंय? २०० आणि ५० चंच प्रमाण आहे ते. रिलीफ अ‍ॅट सोर्सचं चित्र थेट सरकारी आकडेमोडीतच बसलंय.

दुसरा पेपर डेन्मार्कचा. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि त्यांचे डॅनिश सहकारी यांनी २०१४ मध्ये तो क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छापला. डेन्मार्कमध्ये नागरिकांच्या नोंदी इतक्या नीट ठेवतात की त्यांच्याकडे ४ कोटी १० लाख निरीक्षणं होती. (आमच्या प्रयोगशाळेत चाळीस निरीक्षणांवर आनंदोत्सव होतो, ते सोडा.) १९९९ मध्ये तिथल्या सरकारने वरच्या करटप्प्यातल्या लोकांची एका प्रकारच्या पेन्शन खात्यावरची सवलत कमी केली. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे सगळ्यांनी हिशेब करून आपली बचत हलवायला हवी होती. प्रत्यक्षात सुमारे १५ टक्केच लोकांनी हालचाल केली, आणि त्यांनीही मुख्यतः पैसे या खात्यातून त्या खात्यात नेले. उरलेले ८५ टक्के जिथे होते तिथेच. लेखकांचा अंदाज असा, की सरकारने सवलतीवर खर्च केलेल्या प्रत्येक १ डॉलरमागे एकूण बचत फक्त १ सेंटने वाढते. याउलट, मालकाने आपोआप कापून टाकलेल्या पैशांनी बचत खरोखर वाढते.

या दोन पेपरांच्या चष्म्यातून क्ष आणि य कडे परत बघा. ब्रिटिश व्यवस्थेने पहिल्या पायरीवर, म्हणजे योजनेत येण्यावर, 'काहीच न करणाऱ्या' माणसाची बाजू घेतली. त्याच योजनेच्या पुढच्या पायरीवर, वरच्या दराची सवलत देताना, त्याच माणसाकडून अर्जाची अपेक्षा ठेवली. म्हणजे ज्याने स्वतःहून पेन्शन सुरूच केलं नसतं असं सरकारने गृहीत धरलं, त्यानेच आता करखात्याच्या संकेतस्थळावर जाऊन सवलत मागावी. मला ही विसंगती आहे असं स्पष्ट वाटतं.

पण मग रिलीफ अ‍ॅट सोर्स बंदच का करत नाहीत? याचं उत्तर तितकंच रंजक आहे, आणि कोणत्याही धोरणावर मत बनवण्याआधी दुसरी बाजू का बघायची ते त्यातून दिसतं. आता पगाराचा आकडा उलट टोकाला न्या. समजा एखादी बाई अर्धवेळ काम करते, वर्षाला ११,००० पौंड कमावते. तिला करच लागत नाही. नेट पे पद्धतीत 'कर लागण्याआधी पैसे बाजूला' याचा तिला उपयोग शून्य, कारण वाचवायला करच नाही. तीच रिलीफ अ‍ॅट सोर्समध्ये असती तर पेन्शन कंपनीने तिच्यासाठीही २० टक्के मागून आणले असते, ती कर भरत नसली तरी. म्हणजे एक पद्धत कमी पगाराच्या माणसाला सोयीची, दुसरी जास्त पगाराच्या. आणि पद्धत निवडतो मालक. कर्मचाऱ्याला कोणी विचारत नाही.

ब्रिटिश सरकारने या कमी पगाराच्या लोकांसाठी उपाय केला: २०२४-२५ या करवर्षापासून नेट पे मधल्या अशा लोकांना तेवढी रक्कम करखात्याने नंतर द्यायची. सरकारी अंदाजाने सुमारे १२ लाख माणसं, सरासरी वर्षाला ५३ पौंड. म्हणजे तिथे करखात्याने स्वतः हिशेब करून माणसांपर्यंत पोचायचं ठरवलं. वरच्या दराच्या बाबतीत तसं नाही. ज्यांना जास्त मिळतं त्यांनी स्वतः मागावं, ही भूमिका पटण्यासारखीही आहे, पण ४८ हजारवाला पोस्टडॉक ग्लासगोत राहतो म्हणून 'जास्त मिळणारा' ठरतो तेव्हा जरा चमत्कारिक वाटतं.

ग्लासगोचं सांगतेच. स्कॉटलंडमध्ये पगारावरच्या कराचे टप्पे वेगळे आहेत, आणि आपली बरीच मुलं एडिंबरा, ग्लासगोला जातात. तिथे ४२ टक्क्यांचा हायर रेट ४३,६६२ पौंडांच्या वरच सुरू होतो. इंग्लंडमध्ये ४८,००० पगारावर हायर रेटचा संबंधच येत नाही. स्कॉटलंडमध्ये त्याच पगारावर येतो. रिलीफ अ‍ॅट सोर्समध्ये एकूण २,४०० पौंड जमा होत असतील तर वरचे २२ टक्के, म्हणजे ५२८ पौंड मागता येतात. शिवाय तिथे २१ टक्क्यांचाही एक मधला टप्पा आहे, त्यावर वरचा १ टक्का मागता येतो. रक्कम बारीक, पण हक्काची. तुम्ही स्कॉटिश करदाते आहात की नाही हे ऑफिस कुठे आहे यावर नाही, तुम्ही राहता कुठे यावर ठरतं. टॅक्स कोडच्या आधी एस अक्षर असेल तर आहात.

आता तुमचं काय, हे कसं ओळखायचं? एचआरला विचारता येईल, पण मी म्हणेन आधी स्वतः पे-स्लिप घेऊन बसा. तीन शक्यता आहेत. पे-स्लिपवर 'टॅक्सेबल पे' असा आकडा असतो. तो एकूण पगारातून पेन्शन वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याइतका असेल, तर नेट पे. सवलत पूर्ण मिळाली, काही करायचं नाही. तो एकूण पगाराइतकाच असेल आणि पेन्शन नंतरच्या वजावटीत दिसत असेल, तर रिलीफ अ‍ॅट सोर्स. आणि एकूण पगारच कमी करून टाकलाय, पेन्शनची ओळ उणे चिन्हाने वरच आली आहे, असं असेल तर ते 'सॅलरी सॅक्रिफाइस': तुम्ही तेवढा पगार सोडला आणि मालकाने तो स्वतःच्या नावाने पेन्शनला भरला. यात कर तर वाचतोच, नॅशनल इन्शुरन्सही वाचतो. (२०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय की एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांच्या वरच्या रकमेवर हा इन्शुरन्सचा फायदा राहणार नाही.)

साधारण अंदाज हवा असेल तर: विद्यापीठांचं यूएसएस आणि एनएचएसचं पेन्शन नेट पे पद्धतीत येतं, बरीच विद्यापीठं त्यावर सॅलरी सॅक्रिफाइसही देतात. नेस्ट ही सरकारने उभी केलेली योजना, जी लहान कंपन्या आणि स्टार्टअप खूप वापरतात, ती रिलीफ अ‍ॅट सोर्स. कंपन्यांच्या 'ग्रुप पर्सनल पेन्शन' योजना आणि तुम्ही स्वतः उघडलेलं खासगी पेन्शन, हेही रिलीफ अ‍ॅट सोर्स. म्हणून विद्यापीठातून कंपनीत उडी मारणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. विद्यापीठात सगळं आपोआप होत होतं, तीच सवय घेऊन माणूस पुढे जातो.

पीएचडीत असताना मात्र हा प्रश्न येतच नाही. स्टायपेंडवर कर नाही, तुम्ही कर्मचारी नाही, त्यामुळे ऑटो-एनरोलमेंटही नाही. (टीचिंग असिस्टंट म्हणून वेगळा पगार असेल तर त्याचा हिशेब वेगळा.)

रिलीफ अ‍ॅट सोर्स निघालं आणि तुमचं उत्पन्न हायर रेटमध्ये गेलंय, तर मागायचं कसं? तुम्ही सेल्फ असेसमेंट, म्हणजे तिथलं रिटर्न भरत असाल तर त्यात पेन्शनचा रकाना आहे, तिथे भरा. नोकरदारांपैकी पुष्कळांना रिटर्न भरावंच लागत नाही. त्यांच्यासाठी गव्ह डॉट यूके वर खासगी पेन्शनवरची सवलत मागायची ऑनलाइन सोय आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, आणि पेन्शन कंपनीचं वर्षाचं स्टेटमेंट पुरावा म्हणून हाताशी ठेवा. एजंट नेमायची काहीएक गरज नाही. 'तुमचा रिफंड काढून देतो' म्हणत त्यातून मोठा टक्का घेणारे तिथेही आहेत.

लोक अडखळतात ते रकमेपाशी. य च्या पगारातून गेले २,४००, पण सवलत मोजायची ३,००० वर, म्हणजे पेन्शन कंपनीने आणलेले २० टक्के धरून. अर्जात जिथे जी रक्कम विचारली असेल ती नीट वाचून भरा. मालकाचा वाटा त्यात मिळवायचा नाही, त्यावर तुम्ही कर भरलेलाच नाही. आणि नेट पे किंवा सॅलरी सॅक्रिफाइसचे पैसे तर अजिबात टाकायचे नाहीत. त्यावर सवलत आधीच मिळाली आहे, दुसऱ्यांदा घेतली तर करखातं ती परत वसूल करेल.

अजून एक गैरसमज, जो इंटरनेटवर सर्रास दिसतो: 'हायर रेटमध्ये गेलात की पूर्ण योगदानावर वरचे २० टक्के.' तसं नाही. करखातं तुमचा २० टक्क्यांचा टप्पा तुमच्या पेन्शनच्या रकमेइतका लांबवतं, एवढंच. समजा इंग्लंडमध्ये पगार ५१,००० आणि एकूण योगदान २,५५०. ४० टक्क्यांच्या टप्प्यात तुमचे फक्त ७३० पौंड आले होते. तेवढेच खाली सरकतील, आणि मिळतील १४६ पौंड, ५१० नव्हे. जेवढ्या रकमेवर जास्त कर भरला, तेवढ्यावरच तो परत.

हे लक्षात घेतलं की वर्तमानपत्रातल्या 'ब्रिटिशांनी इतके कोटी पौंड मागितलेच नाहीत' या बातम्याही वेगळ्या नजरेने वाचता येतात. आपल्या कामाचा भाग हाच. असा आकडा काढायचा तर आधी छेद ठरवावा लागतो: मागायला पात्र किती? हायर रेटमधले सगळे धरले तर चूक, कारण त्यातल्या नेट पे आणि सॅलरी सॅक्रिफाइसवाल्यांना मागायचं काही नाहीच. मग मागितलं किती जणांनी? फक्त रिटर्न मोजले तर ज्यांनी टॅक्स कोडमधून सवलत घेतली ते सुटले. आणि न मागितलेली रक्कम मोजताना प्रत्येकाला पूर्ण २० टक्के धरले, तर वरच्या १४६ च्या जागी ५१० मोजल्यासारखं होईल. हे तीनही सुधारणारा अभ्यास करायचा तर करखात्याच्या नोंदी आणि पेन्शन कंपन्यांच्या नोंदी माणसागणिक जोडाव्या लागतील. डेन्मार्कवाल्यांकडे ते होतं, म्हणून तो पेपर झाला. कोणाला सार्वजनिक धोरणात पीएचडी करायची असेल तर हा विषय सुचवते.

टॅक्स कोडचा उल्लेख आला म्हणून: चालू वर्षाची सवलत बहुधा रोख येत नाही, तुमचा कोड बदलतो. इंग्लंडमध्ये साधा कोड १२५७एल, म्हणजे १२,५७० पर्यंत कर नाही. य ला ६०० पौंडांची सवलत द्यायची तर ४० टक्के दराने १,५०० पौंड जास्त करमुक्त करावे लागतात, म्हणून कोड १४०७एल च्या आसपास जाईल. मागच्या वर्षांचे पैसे मात्र परतावा म्हणून येतात. इथे एक जपायचं: हा कोड पुढच्या वर्षीही तसाच चालू राहू शकतो. मध्येच नोकरी बदलली, नव्या ठिकाणी नेट पे आहे, आणि कोड जुनाच, तर तुम्हाला जास्त सवलत मिळत राहील आणि वर्षाअखेरी तेवढं बिल येईल. नोकरी, पगार किंवा योगदान बदललं की करखात्याला कळवा.

मुदत आहे करवर्ष संपल्यापासून चार वर्षं. २०२२-२३ साठी ५ एप्रिल २०२७ पर्यंत. त्यानंतर ते वर्ष गेलं. भारतात परतणाऱ्यांनी हे काम देश सोडण्याआधीच उरकलेलं बरं, कारण नोकरी सुटली की मालकाच्या पोर्टलवरच्या पे-स्लिपा दिसेनाशा होतात, आणि ब्रिटनचा मोबाइल नंबर बंद झाला की करखात्याच्या खात्यात शिरायचा कोड येणार कुठे? शेवटच्या आठवड्यात सगळ्या पे-स्लिपा, दर वर्षीचा पी-६० आणि पेन्शनची स्टेटमेंटं पीडीएफ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. ऑफिसच्या ईमेलवर नको, तोही बंद होतो.